बिरप्पाची जॉबरकी

बिरप्पा जॉबर कसा झाला याचं खरं कारण असं, की त्याच्या ओळीतल्या कुणालाच जॉबर नको होता.

सोलापुरातल्या एका गिरणीत, सन पस्तीसच्या सुमाराला, मागाच्या खात्यात ही ओळ होती. ओळ म्हणजे समोरासमोर मांडलेले माग, दर माणसाकडे दोन, आणि सगळ्यांवर मिळून एक जॉबर. माग बिघडला तर तो नीट करायचा, माणूस बिघडला तर त्यालाही नीट करायचं, आणि संध्याकाळी कापड कमी भरलं की साहेबाची बोलणी खायची, हे जॉबरचं काम. जुना जॉबर ईरप्पा यातलं पहिलं काम हातानं करी, दुसरं चामड्याच्या पट्ट्यानं करी, आणि तिसऱ्याच्या वेळी नेमका कुठंतरी गेलेला असे. त्याच्याकडं रजा मागायची तर काखेत कोंबडी घेऊन जावं लागे. शेवटी या कोंबड्यांचा बोभाटा वरपर्यंत गेला आणि गिरणीनं ईरप्पाला नारळ दिला.

त्याच सुमाराला खात्यावर नवे मास्तर आले होते. गुरुबसप्पा त्यांचं नाव. मुंबईला शिकून आलेले, कपाळावर विभूती, डोळ्यांवर चष्मा, आणि बोलताना चष्मा काढून पुसायची सवय. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "जॉबर काही आकाशातून पडत नाही. तो घडवावा लागतो. प्रत्येक ओळीनं आपल्यातला एक माणूस निवडून द्या. त्याला आपण महिनाभर शिकवू. मग तो आठवडाभर ओळ चालवून दाखवील. जमलं तर जॉबर, नाही जमलं तर परत मागावर."

दुपारच्या सुट्टीत कडुलिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून सगळे बसले आणि निवडणूक सुरू झाली. नागप्पाला वाटत होतं, जॉबर व्हावं तर नागप्पानंच. सिदूला वाटत होतं, नागप्पा सोडून कुणीही चालेल, पण शक्यतो सिदू. पद्मशाल्यांचा नरसय्या सगळ्यांत वडीलधारा. तो म्हणाला, "मला व्हायचं न्हाय, पण सिदू झाला तर मी गिरणी सोडतो." भांडण एवढं वाढलं की भाकऱ्या वाळून कडक झाल्या. मग नागप्पाच्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा रं. आपल्याला जॉबर कसा पायजे? जो आपल्याला कायबी बोलणार न्हाय, असा. व्हय का न्हाय?"

"व्हय की," सगळे म्हणाले.

आणि सगळ्यांच्या माना एकदम बिरप्पाकडं वळल्या.

बिरप्पा त्या वेळी आपली शेंगांची चटणी सिदूच्या भाकरीवर वाढत होता. सिदूनं मागितली म्हणून थोडी दिली होती, आणखी मागितली म्हणून आणखी दिली होती, आणि आता त्याच्याकडं कोरडी भाकरी उरली होती. मोहोळकडचा धनगराचा गडी, अंगानं तुळईसारखा, पण आवाज असा की शेजारच्याला वाटावं हा मनातल्या मनात बोलतोय. धागा तुटला तरी तो धाग्याची माफी मागितल्यासारखा वाकून सांधायचा.

"मी?" बिरप्पा म्हणाला.

"व्हय. तू."

"मला न्हाय जमायचं."

"मग न्हाय म्हण की साहेबाला."

बिरप्पाला कुणालाच न्हाय म्हणता येत नव्हतं. तिथंच सगळं ठरलं.

क्लास भरायचा कापसाच्या रिकाम्या गुदामात. मागाची दुरुस्ती मास्तर स्वतः शिकवत. आडवं सूत नेणारा धोटा का उडतो, पट्टा कधी सैल करावा, नव्या माणसाला काम कसं दाखवावं, हे सगळं बिरप्पा मन लावून शिकला. पण माणसांवर हुकूम चालवायचा धडा होता रामहरी हवालदाराकडं. हवालदार पलटणीतून पेन्शनीत आलेला, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढून आलेला. आता तो गिरणीच्या दारावर पहारा करी, आणि त्याच्या आवाजाला समोरच्या झाडावरचे कावळे बिचकत. गिरणीत एवढ्या हुकमी आवाजाचा माणूस दुसरा नव्हता, म्हणून मास्तरांनी त्यालाच नेमलं होतं.

हवालदारानं सुताचं एक खोकं पालथं घातलं. "यावर उभं राहायचं. छाती पुढे. पोटातून आवाज. समोरच्यांना हुकूम द्यायचा, डावीकडे वळा! चल, चनबसप्पा, तू पहिला."

चनबसप्पा शेजारच्या ओळीतून आलेला. मिशा झुपकेदार, आणि आपण जॉबर झालोच आहोत अशी खात्री. तो खोक्यावर चढला आणि असा गरजला की शिकाऊ माणसं डावीकडं वळली ती थेट भिंतीला जाऊन भिडली.

"शाब्बास! आता बिरप्पा."

बिरप्पा खोक्यावर चढला. त्याच्या वजनानं खोकं करकरलं, तसा तो खोक्याकडं बघून ओशाळला. मग त्यानं छाती पुढं काढली, श्वास घेतला, आणि म्हणाला, "जरा... सवड असली तर... डावीकडं वळता का?"

कुणीच वळलं नाही. कारण कुणाला ऐकूच गेलं नाही.

"अरे, हा हुकूम आहे का लग्नाचं आमंत्रण?" हवालदार कपाळाला हात लावून म्हणाला. "पुन्हा!"

दुसऱ्या खेपेला बिरप्पानं एवढा जोर लावला की त्याला खोकला आला. हवालदारच पाणी आणायला धावला. मग त्याला खोक्यावर बसवून, पाठीवर हात फिरवत हवालदार म्हणाला, "घरी सराव कर. बायकोला एक हुकूम दे. नुसता एक. आणि उद्या येऊन सांग."

बिरप्पा संध्याकाळी चाळीत आला. मायाक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. बिरप्पा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मायाक्का, पाणी आण!"

मायाक्काचे हात थांबले. ती उठली, पिठाचा हात लुगड्याला पुसला, आणि त्याच्या कपाळाला लावून बघितला.

"अंग तर गरम न्हाय," ती म्हणाली.

बिरप्पानं खाली मान घालून सगळं सांगितलं. हवालदार, खोकं, डावीकडं वळणं, सगळं. मायाक्काला हसू आलं, आणि दयाही आली. ती चुलीपुढं परत जाऊन बसली. "बरं, आता म्हना. या खेपेला आनते."

"मायाक्का, पाणी आण."

तिनं तांब्या भरून आणून दिला. "झालं?"

"झालं. लई उपकार झाले," बिरप्पा म्हणाला, आणि पाणी प्यायच्या आधी तांब्या तिच्यापुढं धरला.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं विचारलं, तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं. "हुकूम केला, पर आधी परवानगी घेतली."

महिना संपला आणि परीक्षेचा आठवडा आला. पहिल्या दिवशी भोंगा होऊन माग सुरू होतात न होतात तोच नागप्पा बिरप्पाच्या कानाशी आला. गिरणीत बोलायचं म्हणजे कानाशी तोंड न्यावं लागे. "बिरू, आज देवाला जाऊन येतो. माझे माग जरा बघ."

बिरप्पानं मान हलवली. मग सिदू विडी ओढायला गेला. मग नरसय्यानं मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्याला भेटायचं काढलं. दुपारपर्यंत अशी गत झाली की निम्मी ओळ बाहेर आणि बिरप्पा आत, या मागावरून त्या मागावर पळतोय. इकडं धागा सांध, तिकडं सुताची कांडी बदल, धोटा अडकला की काढ. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, पण संध्याकाळी कापड भरलं पुरेपूर. मास्तर फेरी मारायला आले, तर ओळीतले सगळे माग चालू आणि जॉबर जागोजागी दिसतोय. ते चष्मा पुसत म्हणाले, "असाच फिरता जॉबर पाहिजे."

ओळही खूष होती. "असला जॉबर नशिबानंच मिळतोय," सिदू विडी झटकत म्हणाला.

शेजारच्या ओळीवर चनबसप्पाची परीक्षा चालली होती. तो हवालदारानं शिकवल्याप्रमाणं पोटातून गरजत होता. पण एवढे माग धडधडत असताना गरजलेलं ऐकणार कोण? लोकांना नुसत्या त्याच्या मिशा हललेल्या दिसायच्या, आणि हा मशेरी लावतोय का चिडलाय, हे ज्यानं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणं ठरवायचं. दोन दिवसांत त्याचा घसा असा बसला की तो खुणांनी पाणी मागू लागला.

आठवड्याच्या मधोमध, दुपारच्या सुट्टीनंतर, बिरप्पा दिसेना.

आधी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सिदूच्या मागाचा धोटा अडकला. तो हात बांधून उभा राहिला, बिरप्पा येईलच. नरसय्याचं सूत संपलं. तोही उभा राहिला. देवाला म्हणून गेलेला नागप्पा परतला तेव्हा त्याचे दोन्ही माग ठप्प होते. एकेक करत सगळी ओळ थांबली, आणि आजूबाजूचे माग धडधडत असताना ही एकच ओळ मुकी उभी राहिली.

"बिरू कुटं हाय?"

शोधाशोध सुरू झाली. तेवढ्यात सिदूला मोठ्या चाकाखाली, जिथं पट्टा गरगरत वर जातो, तिथं बिरप्पाची एक वहाण सापडली. सिदूच्या तोंडचं पाणी पळालं. ती वहाण वर धरून तो सगळ्यांकडं बघत राहिला. पट्ट्यानं माणूस ओढून नेल्याच्या गोष्टी त्या खात्यातल्या प्रत्येकानं ऐकल्या होत्या.

नागप्पा खालीच बसला. "अय्यो शिवा! माझे माग बघता बघता गेला रं त्यो! आन मी कुटं देवाला जात हुतो? हाटेलात बसून च्या पीत हुतो!"

"मला पाहुणा कुटला आलाय," नरसय्या डोळे पुसत म्हणाला. "मुलीचं लग्न होऊन दोन लेकरं झाली तिला."

सगळे एकमेकांवर घसरले. तू त्याला राबवलास, तू जास्त राबवलास. भांडत भांडत, रडत रडत, शोध घ्यायला ते मागच्या गुदामात शिरले, आणि तिथं त्यांना घोरणं ऐकू आलं. रद्दी सुताच्या ढिगावर बिरप्पा हातपाय पसरून झोपला होता. एका पायात वहाण, दुसरा पाय मोकळा. पळता पळता वहाण कधी निसटली त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. क्षणभर टेकावं म्हणून आला आणि टेकला तो टेकलाच.

नागप्पानं आनंदाच्या भरात त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

आता, अर्धवट झोपेतून उठवलेला बिरप्पा हा वेगळाच माणूस असतो, ही गोष्ट जगात फक्त मायाक्काला ठाऊक होती. लहानपणी माळावर मेंढरं राखताना दुपारी डोळा लागे, आणि जाग येई ती लांडग्याच्या भीतीनं. ते भय अंगात मुरलेलं. तो ताडकन उठून बसला आणि त्याच्या पोटातून, थेट हवालदाराला हवा तसा, आवाज निघाला.

"कोन हाय रं तिकडं?"

"मी... नागप्पा."

"तू हितं, मग तुझं माग कोन बघतंय? चल, माग गाठ! सिदू, विडी टाक! नरसय्या, सूत संपलं तर आनायला कोन जानार, मी? समदी ओळ हितं काय करतीया? पळा!"

समदी ओळ पळाली. हा आवाज कुठून आला, हे विचारायला कुणी थांबलं नाही. बिरप्पा त्यांच्या मागोमाग तरातरा आला, कमरेवर हात ठेवून ओळीच्या तोंडाशी उभा राहिला, आणि शेवटचा माग सुरू होईपर्यंत हलला नाही.

मग त्याची झोप उडाली.

आपण काय बोललो ते एकेक करून आठवलं, तसं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वयानं मोठ्या नरसय्यावर आपण खेकसलो! तो धावत नरसय्याच्या मागापाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलं माजं, रागवू नगा." पण मागांच्या खडखडाटात त्याचा तो बारीक आवाज ऐकू जातोय कशाला? नरसय्याला वाटलं, जॉबर अजून तापलेलाच आहे आणि बहुतेक साहेबाकडं हात जोडायला लावणार आहे. त्यानं दुप्पट घाईनं हात चालवले. बिरप्पा सिदूकडं गेला. सिदूनं खिशातल्या उरलेल्या विड्याही फेकून दिल्या. नागप्पाकडं जाऊन तो कितीतरी वेळ माफी मागत राहिला, आणि नागप्पा माना डोलवत पायानं खालचा कचरा बाजूला सारत राहिला.

त्या दिवशी उरलेल्या वेळात बिरप्पाला काही कामच उरलं नाही. तो नुसता उभा होता. माग चालत होते, माणसं चालवत होती, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला ओळ पुरी नजरेत आली. कुणाचा पट्टा सैल आहे, कुणाचा हात कमी पडतोय, कोण दमलंय. पळताना यातलं काही दिसत नव्हतं.

घरी त्यानं मायाक्काला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग उद्या काय करनार?"

"म्हाईत न्हाय," बिरप्पा म्हणाला. मग हात धुता धुता पुन्हा म्हणाला, "पर नागप्पाचं माग मी न्हाय चालवायचा."

सकाळी नागप्पा आलाच. रात्रीतून त्याचं भय ओसरलं होतं. "बिरू, आज सोमवार न्हाय, पर एक नवस हाय. जरा देवाला—"

बिरप्पानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "न्हाय," तो म्हणाला.

तो एवढासा शब्द बाहेर पडला आणि नागप्पाच्या आधी बिरप्पाच दचकला. नागप्पा पुढचं काही येतंय का म्हणून वाट बघत राहिला. पुढं काही आलं नाही. बिरप्पाला सुचलंच नव्हतं. नागप्पा मागाकडं परत गेला.

शनिवारी नागप्पा, सिदू आणि नरसय्या मास्तरांच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"साहेब, आमचं चुकलं," नागप्पा म्हणाला. "बिरप्पा नको. दुसरा माणूस निवडू द्या."

मास्तर काळजीत पडले. "का? मारतो का?"

"न्हाय, न्हाय."

"शिव्या देतो?"

"न्हाय, साहेब. मानूस देव हाय."

"मग ईरप्पासारखं काही मागतो का?"

"कायबी मागत न्हाय."

"मग तक्रार काय आहे?"

सिदूनं नागप्पाला कोपरानं ढोसलं. "काम सांगतोय, साहेब," नागप्पा म्हणाला.

"आणि तुम्ही करता?"

"करावं लागतंय की," नरसय्या हळहळून म्हणाला. "समोर उभाच ऱ्हातोय त्यो."

मास्तरांनी चष्मा काढला, तो पुसायला रुमाल काढला, आणि रुमाल बराच वेळ तोंडावरच धरून ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. सोमवारी बिरप्पा पक्का जॉबर झाला. हवालदारानं दारावर त्याला सलाम ठोकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "माझा शागीर्द."

पण जॉबरकीला एक कडू बाजू होती, ती क्लासात कुणी शिकवली नव्हती. बिरप्पा हाटेलात शिरला की ओळीतली माणसं बोलायची थांबत. लिंबाखाली भाकरीला बसला की शेजारी हातभर जागा मोकळी राही. चटणीही कुणी मागेना. बिरप्पा आपली चटणी आपणच खाई, आणि ती त्याला गोड लागत नसे. एकदा तो मास्तरांना भीत भीत म्हणालाही, "मला परत मागावर घेता का?" मास्तर म्हणाले, "घेतो. पण तुझ्या जागी कुणाला बसवू, सांग." बिरप्पानं ओळीतला एकेक माणूस मनासमोर आणला आणि ओळीकडं परत गेला.

संक्रांत जवळ आली, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला, आणि ओळ एकदिलानं त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. सगळ्यांना सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी सुट्टी पाहिजे होती.

"समदे गेल्यावर माग कोन चालवनार?" बिरप्पानं विचारलं.

"ते तू सांग की. जॉबर तू हायस," सिदू म्हणाला.

बिरप्पानं विचार केला. एकाला व्हय म्हणावं तर दुसरा तोंड पाडणार. शेवटी तो लिंबाखाली मांडी घालून बसला. "निम्मे अक्षतेला, निम्मे दारूकामाला, बाण उडत्यात तवा. कोन कवा ते तुमीच ठरवा. ठरंस्तवर मी हितंच बसतो."

मग जे भांडण सुरू झालं, त्यापुढं पहिली निवडणूक काहीच नव्हती. बिरप्पाच्या जिभेवर दोनदा आलं की माझंच चुकलं, जा समदे. दोन्ही वेळा त्यानं दात आवळले. हळूहळू आवाज उतरले. नागप्पाच्या भावकीकडं मिरवणुकीत नंदीध्वज धरायचा मान, तेव्हा तो अक्षतेला. नरसय्याची नातवंडं आतषबाजी बघायला येणार, तेव्हा तो दारूकामाला. सिदूला दोन्ही दिवस हवे होते, त्याला दोन्हीकडच्यांनी मिळून गप्प केलं. शेवटी सगळं जमलं.

"आन जॉबर कवा जानार?" नरसय्यानं विचारलं.

बिरप्पाला ते सुचलंच नव्हतं. "मी ऱ्हातो की हितंच."

"आन मायाक्का वैनीला काय सांगनार?" नागप्पा म्हणाला. "जा दारूकामाला. तवर ओळ मी बघतो."

सगळी ओळ नागप्पाकडं बघायला लागली. नागप्पालाही आपण काय बोललो ते उशिरानं कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. पण बोललेलं मागं घ्यायला आता जागा नव्हती. सिदू खो खो हसत सुटला, आणि हसता हसता त्यानं बिरप्पाच्या चटणीवर हात मारला.

दारूकामाच्या संध्याकाळी मैदानावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मायाक्का नवं लुगडं नेसून आली होती. बाण सरसरत वर जात होते, लोक एका सुरात ओरडत होते.

"वर बघा की," मायाक्का म्हणाली.

"बघतोय."

"कुटं बघताय? गिरनीच्या धुराड्याकडं तोंड करून उभं हायसा."

तिनं त्याची हनुवटी धरून वर केली. नेमका त्याच वेळी डोक्यावर असा मोठा बार फुटला की बिरप्पा बिचकून उडाला, आणि पुढच्या म्हाताऱ्याचा फेटा त्याच्या कोपरानं गर्दीत कुठल्या कुठं गेला. मग बिरप्पा त्या म्हाताऱ्याची माफी मागत, माणसांच्या पायांतून वाकून फेटा शोधत राहिला. वर आभाळ लाल-हिरवं होत होतं, आणि मायाक्का पोट धरून हसत त्याच्या मागून चालली होती.